ओचोलाच्या होडीच्या बायका

आमच्या किनाऱ्यावर होडी पुरुषाची आणि मासळी विकणार बाई. होडीवाल्याशी जिचं सूत जुळलेलं, तिची पाटी आधी भरते. बाकीच्यांनी उरलंसुरलं उचलायचं. ह्यात कुणी लाजत नाही. कुणी लाजल्याचा आव आणलाच तर मी तिच्या तोंडावर हसते. पोरांच्या ताटात मक्याची उगाली पडायची तर पाटी भरायला हवी, बस्स.

अवूरचा नवरा गेला आणि ती ओचोलाच्या होडीला लागली. स्वभावानं सरळ. "मी एकाचीच आहे बाई," असं ज्याला त्याला सांगायची, जसं काही बक्षीसच मिळणार होतं. मागच्या वर्षी तिला मेलेलं मूल झालं, रडलंच नाही. सासू म्हणाली, विधवेनं दिराबरोबर करायचा विधी न करता परक्याकडे गेली, म्हणून शाप लागला. किनाऱ्यावर सगळ्यांना ते पटलं.

यंदा तिला पुन्हा दिवस गेले. दवाखान्यात मी सोबत होते. रक्त तपासून नर्सबाई म्हणाली, "गरमीचा रोग आहे तुला."

अवूर भडकलीच. "मी काय बाजारबसवी आहे? माझा एकच माणूस आहे."

"तुझा एकच आहे गं. त्याच्या किती आहेत? आणि त्याला कधी खाली फोड आला होता का?"

आला होता. दुखला नाही, आपोआप गेला, म्हणून ओचोलानं उन्हावर ढकललं होतं. नर्सबाईनं समजावलं, फोड जातो, पण आजार रक्तात राहतो, जवळ येणाऱ्याला लागतो आणि पोटातल्या बाळावर उठतो. सुयांनी तो बरा होतो. पण ओचोलानं सुई घेतली नाही आणि अवूर पुन्हा त्याच्याजवळ गेली, तर तो पुन्हा लागणार.

अवूरनं तिथंच सुई घेतली.  परत येताना मासळीच्या वाळवणापाशी पोचल्यावर म्हणाली, "ओमेना मासळी सरकली की होड्या तिच्यामागे बेटावर जातात, तिथून पलीकडच्या बंदरावर. तिथंही मासळी विकायला बाई लागतच असेल ना?"

"लागणारच की."

"म्हणजे तीही स्वतःला एकाचीच म्हणत असेल." मग माझ्याकडे वळली. "तुझा पण त्याच पाण्यात फिरतो."

मला असा राग आला. "माझं मी बघीन," म्हटलं.

"बघ. पण लवकर बघ."

ओचोलानं तिला उडवूनच लावलं. "मी ठणठणीत आहे. तुला नखरे करायचे तर दुसरीची पाटी भरतो."

"भर," अवूर म्हणाली. "सुई घेतल्याशिवाय माझ्याजवळ यायचं नाही."

त्या दिवसापासून ती उरलंसुरलं उचलू लागली. पोटुशी बाई, अर्धी पाटी. लोक हसायचे ते वेगळंच. एका सकाळी बेटावर निघाली. मीही निघाले. खोटं कशाला बोलू, सवतींची झोंबाझोंबी फुकटात बघायला मिळत असेल तर कोण सोडतं?

ओचोलाचं नाव काढल्यावर लोकांनी बोट दाखवलं, तिथं अपोंडी नावाची बाई मासळी पसरत होती.

"कोण गं तू?"

"ओचोलाची. पलीकडच्या किनाऱ्यावरची."

अपोंडीनं दोन्ही हात कमरेवर ठेवले. "भांडायला आलीस?"

"नाही. तुझं मूल गेलंय का कधी पोटातच?"

अपोंडी खाली वाळूत बसली.  मग म्हणाली, "दोन. आमच्याकडे शाप म्हणाले."

अवूर तिच्या शेजारी टेकली आणि तिनं नर्सबाईचं सगळं बोलणं अपोंडीला सांगितलं. मी झोंबाझोंबी बघायला गेले आणि डोळे पुसत परत आले. दुसऱ्याच दिवशी मीही रक्त तपासून घेतलं. माझ्यात काही निघालं नाही, पण ते तपासल्यावर कळलं. तोवर नुसतीच ऐट होती.

पुढच्या खेपेला ओचोलाची होडी लागली तेव्हा अपोंडी आमच्या किनाऱ्यावर येऊन अवूरशेजारी उभी होती. दोघींना एकत्र बघून त्याचं तोंड उतरलं. त्यानं पाटी माझ्यापुढे सरकवली.

"आधी सुई," मी म्हटलं.

दुसरीनंही तेच म्हटलं, तिसरीनंही. ऊन चढलं, होडीतली ओमेना वास मारायला लागली. ओचोला आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत दवाखान्याकडे गेला. पण गेला.

अवूरला मुलगी झाली. बाळंतिणीच्या खोपटात आम्ही दाटीवाटीनं बसलो होतो आणि पोरगी टाहो फोडत होती. आमच्यात रडत्या बाळापुढे पूर्वजांची एकेक नावं घेतात. ज्या नावाला ते गप्प होईल, ते त्याचं नाव. विधवेचं मूल मेलेल्या नवऱ्याच्याच घरचं, म्हणून सासूनं घसा साफ केला आणि आपल्या आजीचं नाव घ्यायला तोंड उघडलं.

अवूरनं तिचा हात धरला.

"आई, नाव नंतर घ्या," ती म्हणाली. "अजून थोडं रडू दे तिला."