विहार की सभागृह

मी मुरबाडला शाळेत शिकवते. फावल्या वेळात इंटरनेटवरच्या एका नकाशात आपल्या भागातल्या जागा भरते. माझ्यासारखीच हौशी माणसं तो नकाशा घरबसल्या तयार करतात आणि एकमेकांच्या चुकाही दुरुस्त करतात.

वैशाखऱ्याच्या रस्त्याला एका वस्तीत पत्र्याच्या छपराची निळी इमारत आहे. येता-जाता तिथं मुलं बसलेली दिसायची, म्हणून मी तिचा प्रकार निवडला ‘सभागृह’. आठवड्याने पाहते तर पुण्याच्या एका गृहस्थांनी ‘मंदिर’ करून टाकलेलं. मी बदललं, त्यांनी पुन्हा बदललं. कुणाच्या तरी फोटोत त्यांना आत मूर्ती दिसली होती. मग आमची लिखापढी सुरू झाली. एका इमारतीला मुख्य प्रकार एकच, असं त्यांचं म्हणणं. शेवटी त्यांनी विचारलं, तुम्ही कधी आत गेला आहात का? मी गेले नव्हते. ओशाळलेच जरा.

शनिवारी शाळा लवकर सुटल्यावर स्कूटर तिकडे वळवली. आत बुद्धमूर्तीसमोर सतरंजीवर दहा-बारा पोरं खिचडी खात होती. अंगणवाडीच्या सेविकाबाईंना मी मोबाइलवर नकाशा दाखवला, आमचा वाद सांगितला. त्यांना हसू आलं. सकाळी अंगणवाडी, संध्याकाळी मोठ्या मुलांचा अभ्यास, रविवारी वंदना, शिवाय लग्नाचे पाहुणेही इथंच उतरतात, असं त्यांनी सांगितलं. मी विचारलं, मग यातलं मुख्य काय धरू?

“विहार लिवा,” त्या म्हणाल्या. “आमच्या सासऱ्यांनी नि त्यांच्या जोडीच्यांनी दगड वाहून बांधलाय. बाकीचं आमी त्यात करतो.” मग म्हणाल्या, “पण अंगणवाडी पन दिसू द्या, मॅडम. नवीन नर्सबाईंना सापडत नाय, दर खेपेला रस्त्यावर जाऊन आणावं लागतं.”

घरी आल्यावर पुण्याच्या गृहस्थांना सगळं कळवलं. त्यांनी दोन्ही गोष्टी मान्य केल्या. इमारत बौद्ध विहार झाली आणि तिच्या आत अंगणवाडीचा वेगळा ठिपका आला. तो त्यांनीच टाकला, वस्तीचं नाव नीट कसं लिहायचं ते मला विचारून.

पुढच्या लसीकरणाला नर्सबाई कुणाला फोन न करता थेट दारात आल्या. सेविकाबाईंनी मला फोटो पाठवला. त्यात नर्सबाई हसताहेत आणि झाडून सगळी पोरं रडताहेत. तो मी लगेच पुण्याला पाठवून दिला.