मे महिन्यातले लोकरीचे मोजे

वर्ध्यात चिनी पद्धतीने सुया टोचणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे मी दर मंगळवारी जायचे. शेजारच्या खाटेवर समुद्रपूरहून एसटीने येणारी एक बाई असायची. मूल हवं तर पाय आणि पोट उबेत ठेवा, थंड पाणी पिऊ नका, असं तिला सांगितलं होतं. म्हणून भर मे महिन्यात तिच्या पायांत लाल लोकरीचे मोजे असायचे. घामाने डबडबलेली ती थर्मासमधलं गरम पाणी फुंकून फुंकून प्यायची.

एकदा मला हसूच आलं. "गरम नाही होत?"

"होते ना वं. पण येणाऱ्याले घर थंडं नाई लागलं पायजे."

मी कशासाठी येते, असं तिने विचारलं, तेव्हा मी कंबरदुखी सांगितली. सगळ्यांना तेच सांगत होते.

मग एका मंगळवारी ती नुसत्या चपलांवर आली. मोजे धुऊन, घडी करून आणलेले. ते तिने माझ्या हातात दिले.

"मी थांबली आता. लई वर्सं झाले. तू घालजो."

"पण माझी तर कंबर..."

"कंबरेच्या सुया पोटावर टोचतेत का वं? मले दिसते सारं."

ती गेल्यावर मी खाटेवर बसून मोजे चढवले. एसटीतल्या उन्हाने ते अजून गरम होते.