दोन बटणांचं प्रेस

शिलाई मशीनवर बसणाऱ्या बाईचं बोट सुईजवळ जातंच. न्यावंच लागतं, नाहीतर शिवण तिरकी जाते. मी वीस वर्षं शाळांचे गणवेश शिवले आणि त्या वीस वर्षांत सुई चार वेळा माझ्या बोटातून आरपार गेली. ओरडायचं, बोट तोंडात घालायचं आणि पुढची बाही घ्यायची. त्यामुळे आमच्या घरी पॉवर प्रेस, म्हणजे ठोका मारून पत्रा कापणारं मशीन, घ्यायचं ठरलं आणि त्यावर मी बसायचं ठरलं, तेव्हा मी आधी माझ्या दहा बोटांकडं पाहिलं. प्रेसमध्ये बोट गेलं तर ते तोंडात घालायला शिल्लक राहत नाही.

आमच्या घरात हे कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. नवऱ्याच्या डाव्या हाताला तर्जनी आणि मधलं बोट नाही. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी ते एका पत्राकामाच्या कारखान्यात प्रेसवर होते, तिथं गेली. ‘मशीननं डबल मारला,’ एवढंच त्यांनी मला सांगितलं होतं. म्हणजे एकदा दाबल्यावर वरचा ठोकळा एकदाच खाली यायला हवा, तो दोनदा आला, आणि दुसऱ्यांदा आला तेव्हा हात आत होता. त्या कारखान्याच्या मालकाला मी एकोणीस वर्षं शिव्याशाप दिले. नवी पेठेत कधी समोरून आला तर मी रस्ता बदलायचे आणि नवऱ्यालाही दंडाला धरून बदलायला लावायचे.

पुढं ते डाय, म्हणजे प्रेसमध्ये बसवायचे पत्रा कापायचे साचे, बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये लागले आणि ते काम त्यांनी मनापासून शिकून घेतलं. मग आम्ही घरामागच्या शेडमध्ये हाताचं प्रेस टाकून बोल्टखाली बसणारे लोखंडी वॉशर करायला लागलो. मी शिवणातून उठले की ते प्रेस ओढायचे, मी माल लावायचे. आधी पत्र्याच्या पट्टीला भोक पाडायचं, मग दुसरी डाय लावून बाहेरचा गोल कापायचा. एका वॉशरला दोनदा मेहनत. चिंचोळीच्या एमआयडीसीत सोलरचे स्टँड बनवणारा एक कारखाना आमचा माल घ्यायचा. तिथल्या खरेदीच्या साहेबांनी एक दिवस सांगून टाकलं, ‘ताई, तुमचा माल चांगला आहे, पण मला याच्या दहापट लागतो. जमत नसेल तर पुण्याहून मागवतो.’

नवऱ्यानं पडून असलेल्या लोखंडातून नवी डाय स्वतः बनवली. प्रोग्रेसिव्ह म्हणतात तिला. पट्टी एका बाजूनं आत सरकवायची, पहिल्या ठोक्याला भोक पडतं, पट्टी पुढं सरकली की दुसऱ्या ठोक्याला तेच भोक मध्ये धरून गोल कापला जातो आणि मागं नवीन भोक पडलेलं असतं. म्हणजे दर ठोक्याला एक तयार वॉशर खाली. डाय झाली. तिला चालवणारं प्रेस तेवढं नव्हतं, आणि खिशात फार काही नव्हतं.

नव्या मशीनचे व्हिडिओ आम्ही मोबाइलवर पाहिले. आपोआप पट्टी ओढणारी, समोर जाळी असलेली, हात आत गेला की जागच्या जागी थांबणारी. किंमत विचारल्यावर नवऱ्यानं फोन उलटा करून ठेवला. मग जुन्याच्या शोधाला लागलो.

पहिलं मशीन अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मिळालं. बंद पडलेलं वर्कशॉप, धूळ, आणि कोपऱ्यात ते उभं. पायानं चालणारं. मालक तोंडाचा गोड होता आणि भाव आमच्या आवाक्यातला. पायडल पाहून मला उलट बरंच वाटलं, पायाला सवय होती. नवरा मात्र खाली वाकून ठोकळा बघत होते. त्यांनी जुनं वर्तमानपत्र मागितलं, त्याची घडी ठोकळ्याखाली ठेवली आणि स्वतः दोन पावलं मागं सरकले.

“दाब,” ते म्हणाले. “दाबलं की पाय काढायचा. हात मागं बांध.”

मी हात पाठीमागं धरून पायडल दाबत राहिले. ठोकळा खाली, वर, थांबला. मालक चहा मागवायच्या गोष्टी करत होता. मी पंचवीस वेळा दाबलं असेल, तीस असेल. नवरा कागद सरकवायला लांब लोखंडी सळी वापरत होते, डोळे ठोकळ्यावरून हलवत नव्हते. पुढच्या खेपेला मी पाय काढला, ठोकळा खाली आला, वर गेला, आणि कुणी काही न करता धाडकन पुन्हा खाली आला. माझे हात पाठीमागे असूनही मी मुठी घट्ट आवळल्या.

“नव्या जागी न्या, नारळ फोडा, हळदकुंकू लावा,” मालक म्हणाला. “मशीन लई गुणाचं हाय. सुधारतं की.”

“तुमी बसा की मग त्याच्यावर,” मी म्हणाले आणि चहाची वाट न बघता बाहेर आले.

दुसरं विडी घरकुलाकडं, विडी कामगारांच्या वसाहतीजवळ, एका शेडमध्ये होतं. घरात तेलुगू बोलणारे एक म्हातारे कारागीर, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर काम सोडलं होतं. त्यांचं प्रेस जुनंच, पण हवेच्या दाबावर चालणारं आणि पायडलच नसलेलं. पुढं दोन मोठी बटणं, हातभर अंतरावर. दोन्ही एकदम दाबली तरच ठोकळा हलणार. एक दाबलं तर ढिम्म. म्हणजे ठोका पडतो तेव्हा माणसाचे दोन्ही हात बटणावर असतात, आत असूच शकत नाहीत. मी एकेक बटण दाबून पाहिलं, मग दोन्ही दाबली. आम्ही तासभर तिथंच ठोके मारत बसलो आणि एकदाही डबल पडला नाही. मला ते मशीन एवढं आवडलं की भाव ऐकायच्या आधीच माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार. भाव पहिल्याच्या दुप्पट होता.

परतताना रिक्षात आमचं भांडण झालं.

“पहिलंच घेऊ,” नवरा म्हणाले. “क्लच मी दुरुस्त करतो. त्यातली चावी झिजलीय, ती नवी घालतो.”

“आणि पुन्हा डबल मारलं तर?”

“बटणं असली म्हणून काय लई फरक पडत न्हाय.”

माझं डोकंच फिरलं. ज्याची दोन बोटं गेली त्यानं हे म्हणावं! मी रिक्षावाल्यासमोरच वाटेल ते बोलले. स्वतःची गेली ती गेली, आता बायकोची घालवायची आहेत का, असंही बोलले. ते खाली बघत राहिले. मला वाटलं आपण जिंकलो.

कमी पडणारे पैसे उभे करायला मी माझी शिलाई मशीन विकली. शेजारच्या गल्लीतली एक बाई घेऊन गेली तेव्हा मी घरात थांबले नाही. आता मागं फिरायला वाट नव्हती. प्रेस चाललं तरच माझी कमाई.

प्रेस आलं, डाय बसली आणि पहिली ऑर्डर शनिवारी पोचवायची ठरली. काम शिकायला मला दोन दिवस लागले. पट्टी डाव्या हातानं आत सरकवायची, आतल्या अडणीला टेकून थांबली की सोडायची, दोन्ही हात बटणांवर, ठोका, पुन्हा पट्टी. सरकव, सोड, दाब. सगळा वेळ त्या सोडण्या-धरण्यात जायचा. त्यात बुधवारी दिवसभर लाईट नव्हती. गुरुवारी संध्याकाळी पाहिलं तर निम्मा माल बाकी, आणि खरेदीच्या साहेबांचे दोन फोन येऊन गेलेले.

शुक्रवारी सकाळी नवरा पट्टी आणायला बाजारात गेले. मी एकटी बसले होते. सरकव, सोड, दाब. माझ्या मनात आलं, डावा हात पट्टीवर राहिला आणि नुसत्या उजव्यानं दाबता आलं तर काम दुप्पट होईल. पट्टी तर लांब असते, हात बाहेरच असतो, आत जातो कुठं? माझ्या शिवणाच्या डब्यात टेलरचा चपटा खडू होता. तो मी डाव्या बटणावर ठेवला, वरून परकराची नाडी करकचून गुंडाळली आणि गाठ मारली. बटण दाबलेलं राहिलं. मग उजवं दाबलं. ठोका पडला.

काय सांगू किती छान चाललं. हाताला लय सापडली. डावा पट्टी ढकलतोय, उजवा दाबतोय, खाली वॉशर पडतायत. अगदी शिवणावर बसल्यासारखं वाटलं, कितीतरी दिवसांनी. अकरा वाजेपर्यंत मी आदल्या अख्ख्या दिवसाएवढा माल काढला आणि स्वतःवर खूश होते. भीती म्हणाल तर तिचा मागमूस नव्हता.

पट्टी संपत आली की शेवटी चार बोटांएवढा तुकडा राहतो. तो टाकायचा असतो. पण मी शिवणारी बाई. कापडाचा तेवढा तुकडा राहिला तर त्यातून मी खिशाची पट्टी काढते, कॉलरचं अस्तर काढते. टाकायला जीव होत नाही. त्यातून अजून दोन वॉशर निघतील, म्हणून मी तो तुकडा बोटानं आत ढकलला, आणि उजवा हात त्याच्या लयीत होता, त्यानं दाबलं.

ठोका पडला. दुखलं काहीच नाही. मी हात ओढला. पत्रा लागू नये म्हणून घातलेल्या सुती हातमोज्याच्या तर्जनीचं टोक नव्हतं. तिथून माझं नख बाहेर दिसत होतं, शाबूत. मी खालच्या ट्रेमध्ये पाहिलं. तेलकट वॉशरच्या ढिगावर पांढऱ्या कापडाचा एक गोल पडला होता, वॉशरच्याच मापाचा, फक्त मध्ये भोक नसलेला.

मी स्टूलवरून उठले आणि जमिनीवर बसले. किती वेळ बसले होते कोण जाणे, नवरा पट्ट्यांचा भारा घेऊन दारात आले तेव्हा तशीच होते. त्यांनी आधी माझा हात पाहिला, पाचही बोटं एकेक करून चाचपली. मग मशीनकडं पाहिलं. बटणावरची नाडी पाहिली. मला वाटलं आता कानाखाली आवाज निघतो. त्यांनी भारा खाली टाकला आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसले.

“मी सायकलची ट्यूब बांधली व्हती,” ते म्हणाले.

मला कळेना. “कुटं?”

“तितं, कारखान्यात. दोन बटणांचंच व्हतं ते मशीन. नगावर पैशे मिळायचे. समदेच बांधायचे. मालक यायचा तवा सोडायचे, गेला की बांधायचे. त्यानं दोनदा माझ्या हातानं सोडवून घेतली व्हती.” मग नाडीकडं बघत म्हणाले, “डबल काय मारलं न्हाय त्यानं. मीच दाबलं.”

खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांची कीव आली नाही. संताप आला. एकोणीस वर्षं मी त्या माणसाला तळतळाट दिला आणि यांनी देऊ दिला. रिक्षात मी एवढी बोलले तेव्हा तरी सांगायचं! सांगितलं असतं तर माझा हात त्या बटणावर नाडी बांधायला धजला असता का? हे सगळं मी त्यांना ओरडून विचारलं.

“तू मला येडा म्हणली असतीस,” ते म्हणाले.

“म्हणलेच असते! आन् आज मीबी तेच केलं!”

मग मला रडू आलं. ते माझ्या हातावरचा फाटका मोजा काढत होते. दोन बोटं नसलेल्या हातानं तो हळूहळू निघत होता आणि मी काढू दिला.

थोड्या वेळानं त्यांनी उठून नाडी सोडली, खडू काढला. डायच्या तोंडावर पत्र्याचं बंद खोकं बसवायचं, पट्टी जाईल एवढीच फट ठेवायची, बोट जायला जागाच ठेवायची नाही, आणि दोन्ही बटणांभोवती उंच लोखंडी कडी, म्हणजे काही बांधता येणार नाही, असं ते बोलत बोलत पत्र्यावर खुणा करायला लागले. हे आधीच करायला हवं होतं, असं स्वतःशीच दोनदा म्हणाले. या कामात उरलेला दिवस जाणार होता. म्हणजे शनिवारचा माल शनिवारी जाणार नव्हता, आणि माल गेला नाही तर ऑर्डर पुण्याला जायची भीती होती. शिलाई मशीन तर आता दुसऱ्या गल्लीत होती.

“मी फोन लावतो साहेबांना,” ते म्हणाले. “सांगतो मशीन बिघडलं.”

मी फोन त्यांच्या हातातून काढून घेतला.

साहेबांनी पहिल्याच रिंगला उचलला. मी म्हणाले, माल उद्या नाही, सोमवारी मिळेल.

“मशीन बिघडलं का ताई?”

नवरा माझ्याकडं बघत उभे होते. हो म्हणणं फार सोपं होतं.

“मशीन चांगलं हाय,” मी म्हणाले. “मी चुकीचं चालवत होते. बटण बांधून ठेवलं होतं.”

पलीकडं कागद उलटल्याचा आवाज आला. ऑर्डर गेली, असंच मला वाटलं. मग त्यांनी विचारलं, “हाताला लागलं का?”

“न्हाय,” मी म्हणाले, आणि तेवढं एक म्हणताना डाव्या हाताची पाचही बोटं एकेक करून मोजली.