कोंडून ठेवलेली फाइल

“चप्पल आन् पेनड्राइव्ह बाहेर ठेवा.”

आमच्या तळेगावच्या सेवा केंद्रात पाऊल टाकलं की पहिलं हे वाक्य कानावर पडायचं. बोलणारी बाई मान वर करायची नाही. दाराशी चपलांची रांग आणि तिच्या वर खिळ्याला एक प्लॅस्टिकची टोपली टांगलेली असे. पेनड्राइव्ह त्या टोपलीत टाकायचा. बाईंची मर्जी झाली की त्या उठायच्या, टोपली आत न्यायच्या आणि कोपऱ्यातल्या एका जुन्या संगणकात एकेक पेनड्राइव्ह लावून तपासायच्या. तोवर आपण उभे. सरपंच असो की मजूर, उभे म्हणजे उभे.

मला ही बाई आवडत नव्हती, आणि आजही आवडते असं म्हणणार नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही माझ्याबद्दल सावध राहाल.

माझं दुकान रस्त्याच्या पलीकडे. फोटो स्टुडिओ, झेरॉक्स आणि मराठी टायपिंग. गावातले निम्मे अर्ज माझ्याकडे टाइप व्हायचे आणि रस्ता ओलांडून तिच्याकडे जायचे. म्हणजे खरं तर आमचं गूळपीठ जमायला हवं होतं. जमलं ते हाडवैर.

त्याला कारण झाली एक फाइल. तुमच्यापैकी ज्यांनी टायपिंगची दुकानं पाहिली आहेत त्यांना ठाऊक असेल, जुन्या फॉन्टमधलं मराठी दुसऱ्याच्या संगणकावर उघडलं की अक्षरांचा चिवडा होतो. म्हणून आम्ही एक युक्ती करतो. गिऱ्हाइकाच्या कागदांबरोबर फॉन्टचा प्रोग्रामही एकाच फाइलीत बांधून देतो. माझा प्रोग्राम एका मित्राकडून उतरवून घेतलेला होता, म्हणजे फुकटचा, कुलूप फोडलेला. अँटीव्हायरसला तो दिसला की पडद्यावर लाल चौकट यायची आणि मी ‘राहू द्या’वर बोट दाबायचो. चौदा वर्षं दाबत होतो. चौकटीत काय लिहिलंय ते वाचणंही मी कधीच सोडून दिलं होतं.

पुनाराम उईके हा संत्र्याच्या बगीच्यात कामाला जाणारा माणूस. घरात गोंडी बोलतात, पोरगी सरिता मात्र आमच्यापेक्षा शुद्ध मराठी लिहिते. तिच्या जातीच्या दाखल्यासाठी पुनारामनं खूप वणवण करून आपल्या आजाचा शाळेतला उतारा मिळवला होता. त्यावर जात लिहिलेली होती, गोंड. मी तो स्कॅन केला, अर्ज टाइप केला, सगळं नेहमीसारखं एका फाइलीत बांधलं आणि सरिताला पलीकडे पाठवलं.

बाईंनी पेनड्राइव्ह लावला. लाल चौकट आली. भर गर्दीत त्यांनी विचारलं की हा बिमार पेनड्राइव्ह स्टुडिओतून आला काय. पोरगी हो म्हणाली. फाइल चालणार नाही, मूळ कागद घेऊन ये, असं सांगून बाईंनी तिला परत धाडलं.

मी तणतणत रस्ता ओलांडला. घाईत चपलेसकट आत शिरलो. त्यांना समजावून सांगितलं की हा टायपिंगचा साधा प्रोग्राम आहे, चौकट नेहमीच येते, काही होत नाही. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला.

“संशयास्पद म्हणून राह्यलं ते.”

“ते नेहमीच म्हणते.”

“नेहमी म्हणते म्हणून खोटं होते काय? तुमच्यावर भरोसा आहे, भाऊ. तुमच्या फायलीवर नाई. आन् चप्पल बाहेर काढा.”

रांग हसली. ते हसू मी दोन वर्षं विसरलो नाही. गावात बोभाटा झाला की स्टुडिओच्या पेनड्राइव्हमध्ये कीड असते. लग्नाच्या दोन ऑर्डरी त्याच महिन्यात आर्वीच्या फोटोवाल्याकडे गेल्या.

मी गप्प बसलो नाही. तिच्याविरुद्ध तक्रार अर्ज लिहिला. नागरिकांना अपमानास्पद वागणूक देणे, लोकांच्या फाइली परस्पर नष्ट करणे, अशी कलमं पाडली. टाइप करताना एक वेलांटी चुकू दिली नाही. एक्केचाळीस सह्या गोळा केल्या, पहिली माझी. अर्ज आष्टीला तहसीलात गेला आणि सरकारी अर्ज पडतात तसा पडून राहिला.

तिचं वागणं मी रोज दुकानातून न्याहाळायचो. शत्रूवर लक्ष ठेवायला काचेचं दार बरं असतं. एकदा एका म्हातारीचा अंगठा घ्यायचा होता. बाईंनी आधी पूर्ण फॉर्म तिला वाचून दाखवला, ओळन् ओळ, आणि प्रत्येक ओळीनंतर थांबून विचारलं, “समजलं काय, माय?” मागची रांग चुळबुळत होती. म्हातारी मान डोलवत होती. मी तेव्हा हेही त्यांच्या आडमुठेपणात जमा केलं. आता वाटतं, माझ्याकडे आलेल्या किती माणसांना मी त्यांचाच अर्ज वाचून दाखवला होता? एकालाही नाही.

मग माझ्यावर पाळी आली. कुणाचा तरी पेनड्राइव्ह लावला, लाल चौकट आली, आणि मी सवयीनं ‘राहू द्या’ दाबलं. या वेळी तो टायपिंगचा प्रोग्राम नव्हता. दुपारपर्यंत माझ्या संगणकावरची एकही फाइल उघडेना. लग्नं, बारशी, लोकांचे स्कॅन केलेले कागद, सगळ्यांच्या नावांना विचित्र शेपट्या फुटल्या होत्या, आणि पडद्यावर इंग्रजीत खंडणीची चिठ्ठी होती. मी दार लोटून घेतलं आणि स्टुलावर बसून रडलो.

कुणाला सांगितलं नाही. चार दिवस दुसऱ्या जुन्या संगणकावर काम रेटलं. त्या दिवशी सकाळपासून माझ्याकडे लागलेले पेनड्राइव्ह शाळेत गेले होते, दूध सोसायटीत गेले होते, हे मला कळत होतं. पण सांगितलं तर दुकान बसणार, हेही कळत होतं.

पाचव्या दिवशी पुनाराम आला. सरिताला नर्सिंगला जागा मिळत होती, त्यासाठी जात पडताळणी हवी होती, अर्जाला तीन दिवस उरले होते. दाखला तेव्हा आजाच्या मूळ उताऱ्यावर निघाला होता, पण आता तो उतारा उंदरांनी कुरतडला होता. शाळा बंद पडून तिची रजिस्टरं दुसरीकडे कुठं तरी गठ्ठ्यात गेली होती. नोंद क्रमांक असेल तर शोधून देतो, असं तिथला बाबू म्हणाला होता, आणि क्रमांक त्या उताऱ्यावरच होता.

“तुमच्या कॉम्प्युटरात असंल ना, भाऊ? पोरगी जेवून नाई राह्यली.”

उद्या ये म्हणालो. दुसरं काय म्हणणार? तो बगीच्यात कामाला गेला आणि मी रस्ता ओलांडला. चप्पल बाहेर काढली. रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आल्यावर खालच्या आवाजात विचारलं की दोन वर्षांपूर्वीची सरिता उईकेची फाइल मिटवलीच असेल ना.

बाई म्हणाल्या, त्या काही मिटवत नाहीत. संशयाची फाइल अँटीव्हायरस कोंडून ठेवतो, आणि लोकांचे कागद म्हणून त्या ती तशीच कोंडलेली राहू देतात. कुणी येऊन विचारलं नाही, एवढंच. मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

“तुमच्या कॉम्प्युटरले काय झालं?”

मी काउंटरवरचे फॉर्म उगाच सारखे करू लागलो.

“आज सकाळी शाळेतला पेनड्राइव्ह आलता. त्याच्यात बिमार काही सापडलं मले. तुमच्याकडून गेलं काय?”

मी हो म्हणालो.

“मग यांले सांगा. किती जणांच्या घरी गेलं असंल.”

मी मागे वळलो आणि सांगितलं की माझ्या दुकानात पेनड्राइव्ह लावलेल्यांनी तो कुठं लावू नये.

“मागच्यांले ऐकू नाई गेलं,” बाई म्हणाल्या.

मी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. या वेळी रांग हसली नाही, आणि ते जास्त झोंबलं.

कागद त्यांनी तेव्हा दिला नाही. दुसऱ्याचा कागद चारचौघांत देत नसतात, म्हणाल्या. जेवणाच्या सुटीत बोलावलं, कोंडलेल्या फाइलीतून तो स्कॅन तेवढा काढला, छापला आणि पाकिटात घालून माझ्या हातात ठेवला. नोंद क्रमांक स्वच्छ वाचता येत होता. मी आभार मानले नाहीत. त्यांचीही अपेक्षा दिसली नाही. डबा उघडून त्या जेवायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी पुनारामला मी पाकीट दिलं. कुठून आलं ते त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

पंधरा दिवसांनी तो तक्रार अर्ज जागा झाला. आष्टीहून चौकशीला साहेब आले. केंद्रात खुर्ची टाकून बसले, बाई बाजूला उभ्या. पहिली सही माझी म्हणून मला आधी बोलावलं. साहेबांनी वाचून दाखवलं, लोकांच्या फाइली परस्पर नष्ट करणे, आणि विचारलं, यावर तुम्ही कायम आहात का?

बाई माझ्याकडे पाहत होत्या. त्या स्वतःहून सांगतील असं मला वाटलं. सांगितलं नाही. उईकेंचा कागद चारचौघांत काढायचा नाही, हा त्यांचा नियम तिथंही सुटला नसावा. एक वाक्य मी बोलायचं होतं. पण ‘मागच्यांले ऐकू नाई गेलं’ हे अजून कानात होतं, आणि बाजूला तीच रांग उभी होती.

“अर्जात आहे ते आहे,” मी म्हणालो.

महिन्याअखेर त्यांचं कंत्राट संपलं ते पुढे वाढवलं नाही. देवळीकडच्या होत्या एवढंच कळलं. जाताना कुणाला भेटल्या नाहीत. आता तिथं हसतमुख माणूस आहे, कुणाचाही पेनड्राइव्ह घेतो आणि थेट लावतो.

सरिताची पडताळणी झाली, नर्सिंगला जागाही मिळाली. पुनाराम बायकोला घेऊन दुकानात आला. नवा शर्ट, हातात पेढ्यांचा डबा. त्याची बायको माझ्या पाया पडायला वाकली, मी मागे सरलो.

“त्या बाईनं तं मिटवलाच होता कागद,” पुनाराम म्हणाला. “तुमी जपून ठेवला म्हणून पोरीचं झालं.”

त्यानं डबा पुढे केला. मी पेढा घेतला.