सराफाच्या दारातली बंदूक

रत्नागिरीत माझी सुरक्षारक्षक पुरवणारी एजन्सी आहे. बाईमाणसाचा हा धंदा नव्हे, असं सुरुवातीला अनेकांनी सांगितलं. लोटे एमआयडीसीतल्या दोन कारखान्यांची कामं मिळाल्यावर ते बोलायचे थांबले.

सावर्ड्याच्या एका सराफाकडे मी माझा सगळ्यात चांगला माणूस दिला होता. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, संगमेश्वराकडच्या एका खेड्यातला. उंच, कमी बोलणारा. काठी हातात असली तरी ती टेकून कधी उभा राहायचा नाही.

एका सकाळी मी न सांगता पाहणीला गेले, तर हवालदारांच्या खांद्यावर बाराबोरची बंदूक.

"ही कुठली?" मी विचारलं.

"माझीच, मॅडम. परवाना आहे. शेठनी आणायला सांगितली."

परवाना मी पाहिला. तो शेतीच्या राखणीचा होता, डुकरं आणि वानरं हाकायचा, त्यांच्या गावच्या हद्दीपुरता. पगारावर सराफाच्या दारात ती बंदूक घेऊन उभं राहायला त्यात परवानगी नव्हती.

शेठ आतून हसत बाहेर आले. "असू द्या हो मॅडम. गिऱ्हाइकाला बरं वाटतं, चोराला धाक बसतो."

"उद्या ही उडाली तर चोराआधी आपण तिघं आत जाऊ," मी म्हटलं. "बंदूकवालाच हवा असेल तर तशा परवान्याचा माणूस रीतसर शोधते. वेळ लागेल."

"मग मी दुसरी एजन्सी बघतो."

"बघा."

ते काम गेलं असतं तर मला जड गेलं असतं. तरी मी हवालदारांना गाडीत बसवलं आणि सरळ पोलीस ठाण्यात नेलं. कुणीतरी तक्रार करण्याआधी आपणच सांगावं, हा माझा हिशेब. साहेबांनी ऐकून घेतलं, हवालदारांना कडक समज दिली आणि चौकशी होईपर्यंत बंदूक ठेवून घेतली.

परतताना हवालदारांनी बंदुकीची पावती घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, "इतकी वर्षं नोकरी केली, पण माझ्या हातातलं हत्यार कोणी काढून घेतलं नव्हतं."

मला वाईट वाटलं. पण मी माफी मागितली नाही, कारण माझं चुकलं नव्हतं. "हत्यार घेतलंय, नोकरी नाही," एवढंच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशी इस्त्रीचा गणवेश घालून वेळेवर हजर. शेठनीही दुसरी एजन्सी बघितली नाही.

पुढे पावसाळा सरता सरता, भर दुपारी, एक तरुण कोयता घेऊन दुकानात शिरला. चोर नव्हता. त्याच्या बहिणीने घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं होतं आणि तिचा नवरा या दुकानात काउंटरवर कामाला होता. दारू पिऊन तो मेव्हण्याला तोडायला आला होता. पुढे काय झालं ते मी नंतर कॅमेऱ्यात पाहिलं. हवालदारांनी बसायची प्लॅस्टिकची खुर्ची उचलली, चारही पाय पुढे करून त्या पोराला भिंतीशी दाबलं आणि त्याच्याशी शांतपणे बोलत राहिले.

"तो कोयता टाक बाबा. बहिणीला विधवा करून घरी काय सांगणार आहेस?"

पोराने लगेच टाकला नाही. हवालदारांच्या मनगटाला वार लागला, रक्त आलं, तरी खुर्ची हलली नाही. शेवटी कोयता खाली पडला आणि पोरगा तिथेच फरशीवर बसून रडायला लागला.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा डॉक्टर टाके घालत होते आणि शेठ येरझारा घालत होते. "आता तरी बंदूकवाला द्या, मॅडम."

मी काही बोलायच्या आत हवालदार म्हणाले, "शेठ, बंदूक असती तर मी खुर्ची उचलली नसती. आज एक पोरगा मेला असता."

पुढच्या वर्षी शेठनी आणखी एक रक्षक मागितला, काठीवाला. आता माझ्याकडे येणाऱ्या नव्या रक्षकांना हवालदारच शिकवतात. मी फक्त परवान्यांबद्दल बोलते.

त्या पोरावर केस झाली, पुढे तो जामिनावर सुटला. त्यानंतरच्या दिवाळीत त्याची बहीण डब्यात घावणे घेऊन दुकानावर आली, हवालदारांसाठी. मी तिथेच होते. हवालदारांनी डबा घेतला आणि विचारलं, "भाऊ येतो का गो तुझ्याकडे?"

"परवा आला होता," ती म्हणाली. "जेवला नाही. पण ओटीवर बसला, चहा घेतला."

"मग पुढच्या खेपेला जेवेल," हवालदार म्हणाले आणि घावणे आम्हा सगळ्यांना वाटले.