हँगरवरची चिठ्ठी

मरोळच्या एका लहानशा प्लेटिंग कारखान्यात नितेश बारा वर्षं क्रोमच्या टाकीवर होता. नळाचे जॉब, म्हणजे मुलामा द्यायचे सुटे भाग, हँगरला अडकवायचे, कुठल्या टाकीत किती मिनिटं याची चिठ्ठी वर लावायची आणि बुडवायचे. वाफेनं नाक चुरचुरायचं, म्हणून गालात तंबाखूचा मावा. मास्क खुंटीला. आपण जन्मात कुणाला घाबरलो नाही, असं तो स्वतःच सांगायचा, आणि विक्रोळीच्या चाळीत लोक ते मानायचेही.

दोन हजार बावीसच्या एप्रिलात मात्र त्याची घाबरगुंडी उडाली. त्याच्या बायकोचा, श्रुतिकाचा, गर्भ दुसऱ्यांदा पडला होता. त्याची आई शेवंती हिनं पहिल्या वेळेला पपईला दोष दिला, दुसऱ्या वेळेला जिने चढण्याला. म्हणजे दोन्ही वेळा श्रुतिकालाच. घाटकोपरच्या डॉक्टर गार्गीबाईंनी श्रुतिकाला तपासणीला आत पाठवलं आणि नितेशला बसवून त्याच्या कामाची चौकशी केली. मग म्हणाल्या, पुरुषाचं बीज तयार व्हायला अडीच महिने लागतात. त्या दिवसांत बाप काय हुंगतो, काय चघळतो, त्याच्या बारीक खुणा बीजावर बसू शकतात. जीन तेच राहतात, पण कुठलं उघडायचं आणि कुठलं बंद ठेवायचं हे त्या खुणा ठरवतात. गर्भ धरल्यावर बहुतेक पुसल्या जातात. काही उरतात, आणि बाळाच्या, वारेच्या वाढीत लुडबुड करू शकतात. तुमच्या बाबतीत हेच झालं असं छातीठोक सांगता येत नाही, पण तीन महिने मावा आणि वाफ दोन्ही सोडा, मगच पुढचा विचार करा.

नितेशला ते भलतंच नीट कळलं. जॉब चांगला, पण चिठ्ठी चुकली की माल वाया. हे त्यानं शंभरदा पाहिलं होतं.

घरी येऊन तो काय म्हणाला? काहीच नाही. चाळीतल्या वाघाची आईसमोर शेळी झाली. मावा थुंकला, मालकाच्या हातापाया पडून पॅकिंगला बदली मागून घेतली, आणि सहाव्याच आठवड्यात श्रुतिकाला दिवस राहिले. तीन महिने कुठले? तेव्हापासून तो भिंतीवरच्या कॅलेंडरात मागे मागे मोजत बसे, आणि दर वेळी बोट टाकीवरच्या दिवसांवरच येऊन थांबे.

दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, सूर्यग्रहण आलं. श्रुतिकाला सहावा लागला होता. शेवंतीनं पहाटेपासून वेध पाळायला लावले: पाणी नाही, सुई नाही, विळी नाही, आडवं व्हायचं नाही. सगळे नियम पोटुशीला, बापाला एकही नाही. नितेशला याचं मनातून बरं वाटलं, आणि त्याची त्याला लाजही वाटली. काही वाकडं झालंच तर खापर ग्रहणावर फुटेल, आपल्यावर नाही.

संध्याकाळी पाचला, खिडक्या लावलेल्या खोलीत, श्रुतिकाचे ओठ सुकले होते. ती हळूच म्हणाली, "सकाळपासून हललं नाहीये रे."

शेवंतीनं लगेच विचारलं, कात्रीला हात लावलास काय? श्रुतिकानं मान खाली घातली, जणू लावलाच होता. ते त्याला बघवेना. तो उठला, पेल्यात पाणी ओतलं. आईनं त्याचं मनगट धरलं.

"तिचं काही नाही, आई," तो म्हणाला. "खोट असली तर माझी असेल. तो मावा, ती वाफ. बापाकडूनपण जातं पोरात. डॉक्टरनं एप्रिलातच सांगितलंय. मी घाबरलो, बोललो नाही."

श्रुतिका त्याच्याकडे बघतच राहिली. तिला राग आला होता, आणि यायलाच हवा होता.

शेवंती खाली बसली. मग परक्या कुणाला सांगावं तसं म्हणाली, "तुझो बापूस गिरणीत रंगखात्यात होतो. निळे हात घेवन घराक येय. तुझ्या आधीची माझी दोन गेली. सासू म्हणाली, तुयाच खाल्लंस त्यांका."

ग्रहण सुटायला अजून तास होता. तिनं नितेशच्या हातातला पेला घेतला आणि स्वतः श्रुतिकाच्या तोंडाला लावला. पाणी संपलं. नितेश डॉक्टरला फोन लावत होता, पण नंबर दोनदा चुकला.

"हललं," श्रुतिका म्हणाली. "जरासंच."

नितेशची भीती काही गेली नाही. पुढचे चार महिने ती त्याच्या उशाशीच असणार होती. शेवंतीनं मात्र तोंडावर पदर धरला आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा आपल्या त्या दोन गेलेल्या लेकरांसाठी रडली.