माहेरच्या तांदळाचा वास

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी आधीच सांगून टाकते. प्रसादाच्या शिऱ्यातसुद्धा मी खडा शोधीन, असं आमचे हे म्हणतात. भाजीवाला जास्तीची कोथिंबीर द्यायला लागला की मी भाजी उलटीपालटी करून बघते. जाऊबाई गोड बोलल्या की घरी येऊन कपाटाच्या किल्ल्या चाचपते. याचा मला त्रास होतो, पण उपयोगही होतो, त्यामुळे सवय गेली नाही.

दिवाळी झाली की गुंजवण्याहून माझ्या भावाकडून तांदळाचं पोतं येतं. लग्न होऊन मी भोरला आले, तेव्हापासूनचा हा नेम. राजगडाच्या पायथ्याला आमची भाताची खाचरं आहेत. त्यातलं ओढ्याकाठचं खाचर वडिलांनी आंबेमोहोरासाठी राखून ठेवलं होतं. तो तांदूळ विकायचा नाही, घरातही रोज शिजवायचा नाही. तो लेकीच्या घरी जायचा. वडील गेले तरी भावानं नेम मोडला नाही. कुणा ओळखीच्याच्या टेम्पोतून पोतं यायचं आणि मागोमाग त्याचा फोन, “आक्का, पोचलं का?” एवढाच.

मागच्या हिवाळ्यात मी पोत्याची शिवण उसवली, मूठभर तांदूळ ताटात घेतला आणि माझा हात थांबला. दाणा एकसारखा नव्हता. काही जाड, काही बारीक, मधूनच लालसर. कुकर लावला. एरवी आमच्याकडे आंबेमोहोर शिजायला लागला की शेजारीण काहीतरी निमित्त काढून दारात यायची. त्या दिवशी शिट्ट्या झाल्या, वाफ गेली, शेजारीण काही आली नाही.

आमचे हे दोनदा भात घेऊन जेवले. भातासारखा भात आहे, म्हणाले. मी ताट बाजूला सारलं. घरचा तांदूळ असा मिसळलेला असेल कसा? म्हणजे हा बाहेरचा. म्हणजे खाचरात पीक नाही. म्हणजे खाचर विकलं. पुण्याच्या माणसांना गडाच्या पायथ्याची जमीन हवीच असते. तारेचं कुंपण घालतात, फाटक लावतात आणि महिन्यातून एकदा येऊन झोपाळ्यावर बसतात. आमचं खाचर अशाच कुणाच्या तरी घशात गेलं, याची मला खात्रीच पटली.

वडिलांच्या मागे जमिनीला भावाबरोबर माझंही नाव लागलेलं. आमच्या आळीतल्या बायका एकेक करून कचेरीत जाऊन हक्कसोड देऊन आल्या. सही द्यायची, साडी घ्यायची आणि माहेर राखायचं, अशी रीत पडून गेली आहे. माझ्या भावानं मात्र मला कधी सही मागितली नाही. दुसऱ्या एखादीला बरं वाटलं असतं. मला वाटायचं, हा मागत का नाही? सहीवाचून काम भागवायची काही युक्ती त्यानं काढली आहे का?

फोन न करता निघाले. फोन केला तर सावध होतील. नसरापूरला एसटी बदलली, मार्गासनीला उतरले, पुढे एका दुधाच्या गाडीत बसले. गुंजवण्यात शिरताना आमच्या खाचराच्या कडेला पांढरी मोटार उभी दिसली आणि मी दूधवाल्याला गाडी थांबवायला लावली. घेणारा आलाच म्हणायचा. मोटारीजवळ जाऊन पाहिलं, तर मागच्या काचेतून पाठीवरच्या पिशव्या आणि चिखलाचे बूट दिसले. गडावर जाणाऱ्या पोरांनी लावलेली गाडी होती.

खाचरात कुंपण नव्हतं. फाटकही नव्हतं. कमरेएवढं गवत वाळून आडवं झालं होतं आणि बांध दोन ठिकाणी फुटला होता. विकलेली जमीन अशी दिसत नाही. खरं तर मला हायसं वाटायला हवं होतं. पण मी उभी राहून रडले. जिथे लग्नाआधी गुडघाभर चिखलात लावणी केली, आणि जिथून कधी एकदाची सुटते असं मला व्हायचं, तेच ते खाचर. मला तेव्हा भोर हवं होतं. नळाचं पाणी, दुकानं, कोरडे पाय. ते सगळं मिळालं, आणि मग जन्मभर मला या चिखलातल्या तांदळाचा वास हवा होता.

घरी भाऊ खाटेवर पडला होता. कंबर गेली, दोन पावसाळे झाले, असं त्यानं इतकं हळू सांगितलं की जणू त्याचाच गुन्हा होता. बैल विकले. पॉवर टिलर आमच्या खाचरांत उतरत नाही. पोरगा शिरवळच्या कंपनीत आहे, त्याला रजा नाही. मी विचारलं, तुझी बायको कुठे आहे? हितंच कुठंतरी गेली असंल, म्हणाला आणि नजर वळवली. झालं, माझं डोकं पुन्हा चालू. जमिनीच्या कागदांसाठी वेल्ह्याला तालुका कचेरीत तर गेली नसेल?

ती आली तेव्हा ऊन कललं होतं. केसांत भाताचं तूस, हाताला ओरखडे, डोक्यावर छोटं गाठोडं. मला बघून ती दारातच थबकली. मी पाणीही प्यायले नव्हते. तिला सरळ विचारलं, तांदूळ कुठला पाठवलास?

तिनं गाठोडं खाली ठेवून सोडलं. आत भात होता, जाड-बारीक, लालसर. मग तिनं सगळं सांगितलं. आपली खाचरं पड पडल्यापासून ती दुसऱ्यांच्या लावणीला जाते, कापणीला, मळणीला जाते. रोजाचे पैसे घेत नाही, भात मागते. कुणाचा इंद्रायणी, कुणाचा कोळंबा, ज्याच्याकडे जो असेल तो. सगळा एका कणगीत साठवते आणि गिरणीतून काढून मला पाठवते. पहिल्या साली साठवणीतला आंबेमोहोर होता, तो धाडला; तो संपल्यावर हा.

“आंबेमोहोर आता गावात कुनी लावत न्हाई, वन्सं,” ती म्हणाली. “वास कुठनं आनू?”

मला तिचा राग आला. स्वतःचाही आला, आणि लाज वाटली. माझ्या ताटातल्या भातासाठी ही बाई दुसऱ्यांच्या चिखलात वाकत होती आणि मी ताटात दाणे पसरून तिची चोरी शोधत होते. तिचा हात धरून मी म्हणाले, पुढच्या वर्षीपासून काही पाठवू नका. तुमच्या पोटाला ठेवा.

मला वाटलं, तिला सुटल्यासारखं होईल. तिचा चेहरा उतरला. खाटेवरच्या भावानं भिंतीकडे तोंड फिरवलं. तिनं माझ्या हातातला हात सोडवून घेतला आणि हलक्या आवाजात विचारलं, “म्हंजे आता हिस्सा मागनार व्हय, वन्सं?”

तेव्हा मला कळलं, पोतं एकही वर्ष का चुकत नव्हतं ते. सही का मागितली नाही, तेही कळलं. मागितली तर मला हिस्स्याची आठवण होईल, म्हणून मागितली नाही. दरवर्षी टेम्पो गेल्यावर ‘पोचलं का?’ एवढंच विचारणारा माझा भाऊ खरं तर वेगळंच काही विचारत होता. मी त्यांच्यावर नजर ठेवून होते, तसे तेही माझ्यावर ठेवून होते. आणि मधे ते पोतं होतं.

“न्हाई गं,” मी म्हणाले. किती वर्षांनी माझ्या तोंडून अशी बोली आली. “धाड तू तांदूळ. थोडका धाड, पर धाड.”

मग ती चुलीकडे वळली आणि चहा ठेवला. भावानं इकडे तोंड केलं, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. त्या पोत्यात माया किती आणि भीती किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तिलाही सांगता आलं नसतं, असं वाटतं.

यंदाही पोतं आलं. थोडकं नव्हतं, नेहमीएवढंच होतं. फोन वाजला, भावानं विचारलं, आणि मी म्हणाले, पोचलं रे, छान आहे, वास सुटलाय घरभर. आमचे हे ताट घेऊन उभे होते, निवडायला बसणार ना म्हणून. मी पोतं उसवलं आणि तांदूळ न निवडताच डब्यात ओतला. दाताखाली खडा आला तर येऊ दे.